बाबाराव सावरकर आणि त्यांचा ‘ख्रिस्त परिचय’



येशू ख्रिस्त क्रूसावर मरण पावलाच नाही, त्याला एका गुप्त पंथाने वाचवले, पुढे तो हिंदुस्थानात आला आणि काश्मीरमध्ये त्याची समाधी आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकली आहे. कोणी ती लोकलच्या डब्यात ऐकली, कोणाच्या मोबाईलवर ती आली, कोणाला ऑफिसमधल्या सहकाऱ्याने विचारली. विचारणाऱ्याचा हेतू दरवेळी वाईट असतो असे नाही. पण आपल्याला उत्तर सुचत नाही. घरी मुलांनी विचारले तर आपण म्हणतो, जाऊ दे, अभ्यास कर. मुले गप्प बसतात, पण त्यांच्या मनात प्रश्न तसाच राहतो.

मराठीत ही गोष्ट विस्ताराने मांडणारे एक पुस्तक आहे आणि त्याचे लेखक साधेसुधे नव्हते. महाराष्ट्र त्यांना क्रांतिवीर म्हणून ओळखतो. त्यांचे नाव गणेश दामोदर सावरकर, म्हणजेच स्वातंत्र्यवीर सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव. आज आपण त्यांचे चरित्र पाहू या. पुस्तकाला उत्तर देण्याआधी ते लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून घेणे हे न्यायाचे आहे.

भगूरचा थोरला भाऊ

बाबारावांचा जन्म १३ जून १८७९ रोजी नाशिकजवळच्या भगूर या गावी झाला. वडील दामोदरपंत, आई राधाबाई. पाठीवर विनायक आणि नारायण हे दोन भाऊ आणि मैना ही बहीण. १८९२ साली आई कॉलऱ्याने गेली. १८९९ साली प्लेगच्या साथीत वडील गेले. विसाव्या वर्षी बाबारावांच्या खांद्यावर सगळे घर आले. तरुणपणी त्यांचा ओढा योगाकडे आणि वैराग्याकडे होता, पण भावंडांना वाऱ्यावर सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. विनायकाच्या शिक्षणासाठी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांनी खस्ता खाल्ल्या. यशोदाबाईंना सगळे येसूवहिनी म्हणत. थोरला भाऊ आणि वहिनी म्हणजे आईबाप, ही आपल्याकडची रीत या घराने पुरेपूर पाळली.

१८९९ मध्येच विनायकाने दोन मित्रांबरोबर नाशकात राष्ट्रभक्तसमूह नावाची गुप्त संस्था काढली. पुढल्या वर्षी तिच्या आधाराने मित्रमेळा ही उघड संघटना उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिचे नाव अभिनव भारत झाले. इटलीच्या मॅझिनीने आपल्या देशासाठी तरुणांची जी गुप्त संघटना उभारली होती, तिचा आदर्श या मुलांसमोर होता. सभासद शपथ घेत. कोण सभासद आहे, कोणाकडे काय काम आहे, हे सर्वांना कळू दिले जात नसे. १९०६ साली विनायक बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले आणि नाशकातले काम बाबाराव पाहू लागले.

काळे पाणी

बाबारावांनी कवी गोविंद यांच्या देशभक्तिपर कविता छापून प्रसिद्ध केल्या. त्यांत राजद्रोह आहे असे इंग्रज सरकारने ठरवले. १९०९ साली त्यांना जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता जप्त झाली. काही कवितांसाठी एवढी शिक्षा! तिचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकातल्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. आपल्या मुलुंडच्या पुढचे स्टेशन ते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात तो तुरुंग आजही आहे. हिंसेचा मार्ग आपल्या श्रद्धेला मान्य होणारा नाही. तरीही देशासाठी सगळे देऊन टाकणाऱ्या त्या तरुणांपुढे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाबारावांना अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये ठेवले. एकट्याची कोठडी, कोलूला जुंपून तेल काढणे, अपुरे अन्न, आजारपण. १९११ साली विनायकही दोन जन्मठेपांची शिक्षा घेऊन त्याच तुरुंगात आले. एकाच भिंतीआड असूनही भावाला भाऊ मोकळेपणी भेटू शकत नव्हता. इकडे येसूवहिनी पतीच्या भेटीची वाट पाहत राहिल्या आणि १९१९ साली त्यांची भेट न होताच वारल्या. १९२१ मध्ये दोघा भावांना हिंदुस्थानातल्या तुरुंगात आणले गेले. १९२२ साली प्रकृती अगदीच ढासळल्यावर बाबाराव सुटले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. घर, पत्नी, आरोग्य यांतले काहीच शिल्लक नव्हते.

सुटल्यानंतर त्यांनी हिंदू संघटनेच्या कार्याला वाहून घेतले. डॉ. हेडगेवारांशी त्यांचा निकटचा संबंध होता. तरुण हिंदू सभा त्यांनी काढली आणि ‘राष्ट्रमीमांसा’ हा ग्रंथ १९३४ साली लिहिला. १६ मार्च १९४५ रोजी सांगलीत त्यांचे निधन झाले. ज्या स्वातंत्र्यासाठी एवढे सोसले, ते अडीच वर्षांवर आले होते, पण त्यांना पाहता आले नाही.

मृत्यूनंतर आलेले पुस्तक

त्यांचे ‘ख्रिस्त परिचय’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४६ साली प्रसिद्ध झाले. पुढे सत्तर वर्षे ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या सावरकर राष्ट्रीय स्मारकाने ते पुन्हा काढले आणि वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली.

पुस्तकाची मांडणी थोडक्यात अशी. पॅलेस्टाईन आणि अरबस्तान ही मूळची हिंदूंची भूमी होती. येशू हा जन्माने विश्वकर्मा ब्राह्मण. त्याचे नाव केशव कृष्ण, वर्ण सावळा आणि मातृभाषा तमिळ. त्याची मुंज झाली होती. तो हिंदुस्थानात येऊन योग शिकला. क्रूसावर त्याचा अंत झाला नाही. एसेनी पंथाच्या लोकांनी त्याला उतरवून हिमालयातल्या वनस्पतींनी बरे केले आणि शेवटी त्याने काश्मीरमध्ये समाधी घेतली. म्हणजे ख्रिस्ती धर्म हा हिंदू धर्माचाच एक पंथ.

हे वाचून आपल्याला राग येईल. पण राग आला म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, आणि लेखकाने देशासाठी कोलू ओढला म्हणून ती खरीही ठरत नाही. माणसाचा त्याग आणि त्याच्या विधानाचा पुरावा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तागडीत तोलायच्या असतात. त्यागाला नमस्कार करू आणि पुरावा तपासू.

नावांचे सारखेपण

ख्रिस्त आणि कृष्ण हे शब्द कानाला जवळचे वाटतात. पण ख्रिस्त हे नाव नाही, ती पदवी आहे. मसीहा, म्हणजे अभिषिक्त, या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक भाषांतर. कृष्ण या संस्कृत शब्दाचा अर्थ काळा, सावळा. दोन शब्दांचे कुळ वेगळे आणि अर्थही वेगळा. प्रभूचे नाव येशूवा, त्याच्या काळात यहुदी घरांत सर्रास ठेवले जाणारे. त्याच्या तोंडचे जे मूळ शब्द शुभवर्तमानांनी जपून ठेवले आहेत, ते अरामी भाषेतले आहेत, तमिळ नव्हेत. पित्याला तो अब्बा म्हणत असे. तमिळमध्ये अप्पा आहे, मराठीत आबा आहे. जगभरातली तान्ही मुले ओठांनी जे पहिले आवाज काढतात, त्यांतूनच असे शब्द होतात.

नुसत्या आवाजावर इतिहास उभा करायचा म्हटले, तर बाबारावांच्या घरातच येसूवहिनी होत्या! येसू हे यशोदेचे लाडके रूप, त्याचा येशूशी काही संबंध नाही, हे आपण लगेच सांगतो, कारण ते घर आपल्याला माहीत आहे. पॅलेस्टाईनचे घर माहीत करून न घेता बोलले की सारखेपणाचा मोह पडतो.

एसेनी पंथ आणि गुप्त मंडळी

एसेनी हे खरोखरीचे लोक होते. पहिल्या शतकातले फिलो, योसेफस आणि रोमन लेखक प्लिनी या तिघांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. ते सामायिक मालमत्ता ठेवत, एकत्र जेवत, शुद्धीसाठी वारंवार स्नान करत. पंथात येताना ते शपथ घेत आणि आतल्या गोष्टी बाहेर सांगत नसत. मात्र चारही शुभवर्तमानांत त्यांचे नाव एकदाही येत नाही.

हे नाव येत नाही, म्हणूनच त्यांच्याभोवती कथा रचणे सोपे झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत बार्ट या लेखकाने आणि त्याच्यामागून व्हेन्टुरिनी याने येशूला एसेनींच्या गुप्त मंडळाचा माणूस ठरवले. क्रूसावरचे मरण हा त्या मंडळाने रचलेला बनाव, असे त्यांनी लिहिले. १८४९ मध्ये लाइपझिगला एक पुस्तिका निघाली. कोणा एसेनी साक्षीदाराचे जुने पत्र सापडले, असा तिचा दावा. ते पत्र बनावट होते. १८९४ मध्ये नोटोविच या रशियन लेखकाने पॅरिसमध्ये जाहीर केले की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या हिंदुस्थानातील वास्तव्याची पोथी आहे. पुढच्याच वर्षी डग्लस नावाचे एक प्राध्यापक हेमिसला गेले. अशी पोथी आमच्याकडे नाही, असे तिथल्या प्रमुख लामांनी त्यांना सांगितले. १८९९ मध्ये कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी श्रीनगरच्या खानयार भागातील रोझा बल ही कबर येशूची असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे बाबारावांच्या पुस्तकातला क्रूस, एसेनी आणि काश्मीर हा सगळा मालमसाला त्यांच्या आधीच जगाच्या बाजारात आला होता.

बाबाराव गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, मृत समुद्राजवळ कुमरान येथे एका मेंढपाळाला गुहेत मडकी सापडली. त्यांत जुन्या गुंडाळ्या होत्या. पुढे अकरा गुहांतून सुमारे नऊशे हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. अनेक विद्वान ती एसेनींची मानतात. त्या लोकांनी गुप्तपणे जपलेले ग्रंथ आज छापून सर्वांसमोर आहेत. त्यांत येशूचे नाव नाही, क्रूसावरून कोणाला वाचवल्याची हकिगत नाही आणि हिंदुस्थानचा प्रवासही नाही.

गुप्त मंडळीची कथा इथे थांबत नाही, हे लक्षात घ्या. कागद सापडला तर तो पुरावा, आणि नाही सापडला तर तो लपवला हाही पुरावा! तर्कशास्त्रात अशा विधानाला किंमत नसते, कारण ते चुकीचे ठरण्याची वाटच बंद केलेली असते. मध्ययुगातील टेंपलर योद्ध्यांचा संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला. त्याच्यामागे रहस्याचा असाच धागा जोडला गेला. १९५६ मध्ये प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने ‘सिओनचा मठ’ नावाची संस्था नोंदवली. तो आणि त्याचे साथीदार यांनी १९६० च्या दशकात बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून दिले. पुढे त्याच कागदांच्या आधारावर कादंबरी निघाली आणि २००६ साली चित्रपटही आला. आपल्या मुंबईत त्यावर झालेला वाद वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शेवटी हे सारे काल्पनिक आहे अशा सूचनेसह तो दाखवला गेला.

बाबारावांनी आपली उमेदीची वर्षे खऱ्याखुऱ्या गुप्त संस्थेत घालवली होती. शपथ, सांकेतिक निरोप, अडचणीत सापडलेल्या सोबत्याला सोडवण्याची तळमळ हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. ज्या तुरुंगातून त्यांना कोणी सोडवू शकले नाही, त्याच्या आठवणी घेऊन जगणाऱ्या माणसाला निष्ठावंत सोबत्यांनी क्रूसावरून सोडवलेला येशू जवळचा वाटला असेल, असे मला वाटते. त्यांच्या या ओढीची टिंगल करू नये. पण शुभवर्तमानातले सोबती तसे नव्हते. ते पळून गेले. पेत्राने तर त्याला ओळखतही नाही असे सांगितले. मंडळीने आपल्या पुढाऱ्यांची ही लाजिरवाणी गोष्ट लपवली नाही, चारही शुभवर्तमानांत लिहून ठेवली.

उघड्यावरची साक्ष

प्रमुख याजकापुढे प्रभूला त्याच्या शिकवणुकीविषयी विचारले गेले, तेव्हा आपण नेहमी सभास्थानात आणि मंदिरात उघडपणे बोललो, गुप्तपणे काही शिकवले नाही, असे त्याने सांगितल्याचे संत योहानाने नोंदवले आहे. त्याचे मरणही शहराच्या वेशीबाहेर, सर्वांसमोर झाले. म्हणूनच मतांगीकारात आपण एका रोमन अधिकाऱ्याचे, पोंती पिलाताचे नाव दर रविवारी घेतो. आपली श्रद्धा तारखेला आणि ठिकाणाला बांधलेली आहे. ख्रिस्ती नसलेला, उलट ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पिलाताने दिलेल्या या मृत्युदंडाची नोंद केली आहे.

क्रूसावरून उतरवलेला माणूस कधी जगलाच नाही, असे मात्र म्हणू नये. योसेफसने स्वतः एक प्रसंग लिहिला आहे. त्याच्या ओळखीच्या तिघांना सेनापती तीतसच्या हुकमाने क्रूसावरून उतरवले गेले आणि त्यांच्यावर उपचार झाले. तरीही दोघे मेले, एक जगला. येशूच्या बाबतीत असा हुकूम झाला नाही. उलट सैनिकांनी मरणाची खात्री करून घेतली. आणि समजा, कोणी अर्धमेला, औषधपाण्यावर असलेला माणूस शिष्यांपुढे आला असता, तर त्यांना त्याची कीव आली असती. मरणावर विजय मिळवलेला प्रभू म्हणून त्याच्यासाठी ते जीव द्यायला निघाले नसते. संत पौलाने करिंथकरांस पत्र लिहिले ते क्रूसानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यात पुनरुत्थित प्रभूला पाहणाऱ्यांची यादी दिली आहे आणि त्यांतले बरेच जण अजून हयात आहेत असे सांगितले आहे. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन त्यांना विचारावे. गुप्त मंडळी असे कधी करत नाही.

परका की आपला?

आता एक प्रश्न उरतो आणि तो आपल्याला अधिक झोंबणारा आहे. येशूला तमिळ ब्राह्मण ठरवण्याची गरज बाबारावांना का वाटली असावी? १९२३ मध्ये विनायकरावांनी हिंदुत्वाची व्याख्या मांडली. ज्याची पितृभूमी आणि पुण्यभूमी दोन्ही हिंदुस्थान आहे, तो हिंदू. या व्याख्येत आपण बसत नाही, कारण आपली पुण्यभूमी पॅलेस्टाईनमध्ये आहे असे मानले जाते. थोरल्या भावाच्या पुस्तकाने ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडवली. त्यांनी पुण्यभूमीच इकडे आणली! यात एक प्रकारची आपुलकीही आहे. त्यांना ख्रिस्त हाकलून द्यायचा नव्हता, घरात घ्यायचा होता. मात्र त्यासाठी त्याचे आईवडील, भाषा आणि मरण बदलावे लागले.

आपण असे काही करण्याची गरज नाही. विहिरीवर शोमरोनी स्त्रीने प्रभूला विचारले होते की उपासनेची खरी जागा कोणती, हा डोंगर की यरुशलेम. दोन्ही नाही, खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने आणि सत्याने करतील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आपल्या चर्चमधल्या वेदीवर मिस्साबलिदान होते, तेव्हा ती जागा बेथलेहेमपेक्षा उणी नसते. कोणी वसईहून इथे आले, कोणी नगर-जालन्याहून, कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच गावठाणातले. या मातीशी आपले नाते सिद्ध करायला प्रभूची जन्मजागा हलवावी लागत नाही.

चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने गोव्यात हे करून दाखवले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. ओवी मराठी, भाषा मराठी, सारा थाट मराठी पुराणाचा. पण येशू त्यात बेथलेहेमातच जन्मतो आणि यरुशलेमच्या क्रूसावरच मरतो. स्टीफन्सनी ख्रिस्ताला मराठी बोलायला लावले, त्याचे चरित्र बदलले नाही. प्रेमाने केलेला परिचय असा असतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी काश्मीरच्या समाधीविषयी विचारले, तर भांडू नका आणि मान खालीही घालू नका. बाबारावांनी देशासाठी काय सोसले ते आधी आदराने सांगा. मग शांतपणे विचारा, हे कोणी पाहिले, कधी लिहिले, कोणाला तपासता येते? हेच प्रश्न आपल्या शुभवर्तमानालाही विचारू द्या. ते त्यांना घाबरत नाही. आणि मुलांना अभ्यास कर म्हणून उठवण्याऐवजी त्यांच्याजवळ बसून संत योहानाचा अठरावा अध्याय एकदा एकत्र वाचा.

जो सर्वांसमोर बोलला, सर्वांसमोर मेला आणि पुन्हा उठला, तो प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना सत्य प्रेमाने बोलण्याचे बळ देवो.